मांगरातली जर्मन

३ नोव्हेंबर
शाम आज परत आला. माझा धाकटा दीर. चहाला येतो म्हणतो आणि मांगराबद्दल बोलून जातो. परसातला मांगर, गोठा म्हणा की कोठार, दोघांच्या मालकीचा, हे खरं. एका टोकाला माझी गाय, मधे ह्यांची टॅक्सी, दुसऱ्या टोकाला शामची नांगर-फावडी, जी त्याने कित्येक वर्षं हातात धरलेली नाहीत. आता त्याला तिथे शेड घालून भाड्याने द्यायच्या गाड्या ठेवायच्या आहेत. शिगम्याच्या आत जागा मोकळी हवी.
"वैनी, त्या भंगाराचें कितें तें एकदां करून उडय."
म्हटलं, भंगार नाही ती. चालत नाही, एवढंच. मीही हल्ली देवळाच्या पायऱ्या चढत नाही. मला देतोस का भंगारात?
हसला. पण उठला नाही. दुसरा चहा मागितला.

५ नोव्हेंबर
नितीनचा फोन, बोटीवरून. आवाज तुटत होता, पण उपदेश अखंड. शामने त्याला आधीच गाठलेलं दिसतं.
"आई, भावनेच्या भरात काही ठरवू नकोस. स्टिअरिंग काढून घेऊ, बाबांची आठवण म्हणून हॉलमध्ये लावू."
भिंतीवर स्टिअरिंग! शेजारी ह्यांचा चष्मा टांगू, खाली चपला ठेवू, आणि तिकीट लावू.
सगळ्यांना वाटतं बाईला आठवण जपायचीय. निदान इथे तरी खरं लिहिते. लग्नानंतर एकतीस वर्षं ती गाडी ह्या घरात चालली. जर्मन डिझेल, काळं अंग, पिवळं टप. अख्ख्या लाटंबार्शात तिला 'जर्मन' म्हणत. त्या एकतीस वर्षांत मी तिच्यात चार वेळा बसले. चारही वेळा मागे. "फुडें गिरायक बसता," हे म्हणायचे. नितीनच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा ह्यांना सावंतवाडीचं भाडं होतं. मी दुधाच्या टेंपोतून गेले, एका हाताने कॅन धरून. पुढे कधी विषय काढला की म्हणायचे, भाडं घेतलं होतं, शब्द दिला होता. मला कधी दिला होता, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.
तर मला आठवण नकोय. मला पुढच्या सीटवर बसून इथून पेडण्यापर्यंत जायचंय. भाडं न देता. हे कोणाला सांगणार नाही. हसतील.

८ नोव्हेंबर
मोरजीहून एकजण आला. रेस्टॉरंटवाला, तरुण, नम्र. शामनेच पाठवलेला. मोबाइलवर फोटो दाखवला: एका जुन्या गाडीचं बॉनेट काढलंय, आत माती भरलीय, बोगनवेल लावलीय. लोक शेजारी उभं राहून फोटो काढतात.
"तिला नवं आयुष्य मिळेल, आंटी."
चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. बाई म्हणाले, मास्तरीण म्हणाले, मागून आणखी काय काय म्हणाले ते मला ठाऊक आहे. आंटी कोणी म्हणालं नव्हतं.
दिवाळीच्या उरलेल्या नेवऱ्या दिल्या, चहा दिला आणि म्हटलं, कुंडी हवी असेल तर अंगणात आहेत, दोन उचला. इंजिन असलेल्या गाडीत झाड कशाला?
तो मेजावर कार्ड ठेवून गेला. संध्याकाळी बघते तर कार्ड नाही. शामच्या खिशात गेलं असणार.

११ नोव्हेंबर
डिचोलीला गेले. गॅरेजवाला माझाच विद्यार्थी. न बघताच म्हणाला, "बाई, नवी घ्या. ऑटोमॅटिक मिळते."
म्हटलं, तू तिसरीतही प्रश्न न वाचता उत्तर लिहायचास.
कान लाल झाले त्याचे. मग एक नंबर दिला. बाबनी फिटर, मूळ दोडामार्गचा, खाणी चालू होत्या तेव्हा तिथल्या ट्रकांचे पत्रे करायचा. आता मुळगावात स्वतःचं आवार आहे. "असल्या गाड्या तोच उघडतो. पण तो तोंडावर सांगतो हां, बाई. वाईट वाटून घेऊ नका."
वाईट वाटून घ्यायला मला वेळ कुठे आहे? शिगमो मार्चात.

१९ नोव्हेंबर
बाबनी आला. सत्तरीला टेकलेला, सडपातळ, एका हाताला बोट कमी. नमस्कार केला आणि थेट मांगरात गेला. खिशातून छोटी हातोडी काढून गाडीभर टकटक करत फिरला. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द बोलतो. टप खणखणीत. दरवाजे खणखणीत. बॉनेट खणखणीत. मी मनात फुगले. दर महिन्याला खोबरेल तेल लावून पुसते मी तिला, दिसणारच.
"वरसून गाडी नवरीसारखी आसा, बाई. खालसून बघूक होयी."
गोणपाट पसरून खाली शिरला. खूप वेळ फक्त पाय दिसत होते. मग स्क्रू ड्रायव्हर आत घुसल्याचा आवाज. ठोकल्याचा नाही, घुसल्याचा. पुन्हा. पुन्हा.
बाहेर आला तो चिमूटभर माती हातात घेऊन. वास घेतला.
"हय तुमी सारवतात?"
सारवते तर! अभिमानाने सांगितलं मी. हे होते तोवर दसऱ्याला आणि चवथीला. हे गेल्यापासून दर शनिवारी. नुसतं भोवती नाही, गाडीच्या खाली सुद्धा, पोटावर झोपून, हात पोचेल तिथवर. ताजं शेण, आपल्याच गायीचं.
बाबनी सावकाश बोलला, घरात आजारी माणूस असलं की डॉक्टर बोलतो तसं.
"शेण वरसून सुकता, बाई. खाल ओल रवता. ती ओल वर चढता, थय पत्रो. तेच्यात गाय हयच बांदलेली, तिचा मूत जमनीत मुरता. लोखंडाक ह्याच्यापेक्षा वायट काय नाय. पावसात भायर उभी केली असतीत तरी इतकी खावची नाय होती."
चहा न घेता गेला. मी दिलाच नाही की तो थांबला नाही, आठवत नाही.

२० नोव्हेंबर
काही नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी हात आपोआप बादलीकडे गेला. शेण कालवलं, मांगराच्या दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले. मग सगळं माडाच्या बुडात ओतलं.
मी खाल्ली ती गाडी. चार वर्षं, आठवड्यातून एकदा, नेमाने. शाळेत हजेरी लावावी तशी.
त्या दिवशी केवढ्या तोऱ्यात लिहिलं, मला आठवण नकोय. मग पोटावर झोपून कोणासाठी सारवत होते? माणसावर रागावलेली बाई त्याच्या गाडीखाली शिरते का? राग होता. अजून आहे. आणि हे नाहीत याचं दुःखही तेवढंच आहे, दोन्ही एकाच बादलीत कालवलेलं.
रडले. मांगरात, गायीसमोर. ती रवंथ करत बघत होती.

२५ नोव्हेंबर
शामला मीच सांगितलं. दुसरीकडून कळण्यापेक्षा बरं. वाटलं होतं हसेल, टोमणा मारेल, मग मीही दोन सुनावीन. पण तो हळू आवाजात म्हणाला, "जावंदी वैनी. तुका खबर नासली. आतां सोड तिका."
ही दया मला झेपत नाही. टोमणा परवडला.
चूक माझी आणि शिक्षा गाडीला? चौतीस वर्षं पोरांना सांगत आले, चुकलं म्हणून पान फाडायचं नाही. आणि आता मीच फाडू?
बाबनीला फोन केला. म्हटलं, दुरुस्त होते का ते सांग. का कुजली ते कळलं.

३० नोव्हेंबर
इब्रामपूरला जाऊन आले, बाबनीच्या स्कूटरवर मागे बसून. त्याने केलेली अशीच एक गाडी तिथे आहे, ती बघा आणि मग बोला म्हणाला.
मालक व्यापारी. गाडी वेगळ्या खोलीत, अंगावर पांढरी चादर. चादर काढली तर डोळे दिपले. नव्याहून नवी. सीटांवर अजून प्लॅस्टिक. मी विचारलं, कुठे कुठे फिरता? तो म्हणाला, फिरवत नाही हो, दगड लागतात, धूळ बसते. वर्षातून एकदा मिरवणुकीला काढतो, ती सुद्धा ट्रकवर चढवून.
जरा पुढे बसू का म्हटलं. त्याने माझ्या पायांकडे बघितलं. चप्पल काढते म्हटलं, तरी नाही म्हणाला.
मोरजीवाल्याची कुंडी आणि ही, फरक काय? ह्याने माती घातली नाही, एवढाच.
परतताना बाबनीने स्कूटर थांबवली. "बाई, तुमका नेमका काय होया?"
आणि मी सांगून टाकलं. पुढे बसून पेडण्याला. रस्त्याच्या कडेला उभं राहून, सत्तरीच्या माणसाला.
हसला नाही. डोकं खाजवलं. "मगे रंग, पॉलिश सगळा मागसून. आदी इंजिन बघूया. चलात नसली तर पत्रो करून काय उपेग?"
इतक्या दिवसांत शहाण्यासारखं बोललेला पहिला माणूस.

८ डिसेंबर
आठवडाभर इंजिनात तेल-डिझेल ओतून ठेवलं होतं. आज बाबनीने लांब पाना लावून जोर केला. काही नाही. मग मीही हात लावला. नको म्हणत होता. दोघांनी मिळून ओढलं आणि कच्च करून इंचभर फिरलं. मग अर्धा फेरा. मग पूर्ण.
तळहाताला फोड आलाय. असू दे.

१४ डिसेंबर
पोदेर पाव घेऊन आला त्याच वेळी हे घडलं, म्हणून साक्षीला तोही आहे.
बॅटरी शामच्या जीपची. विचारून घेतली नव्हती. तो आंघोळीला गेलेला, विचारणार कुठे? बाबनी ड्रायव्हरच्या जागी बसला. पहिल्यांदा नुसती कुरकुर. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा खोकली, काळा धूर सोडला, आणि लागली! लागली! घडघड घडघड, अख्खा मांगर थरथरायला लागला. कौलांवरची धूळ आमच्या डोक्यावर. गाय दावं तोडून पळाली ती थेट शामच्या बागेत. तिथे तिने शेवंती खाल्ली, त्याबद्दल मला अजिबात खेद नाही.
शाम टॉवेलवरच धावत आला. तोंड उघडलं भांडायला आणि तसंच राहिलं. बॉनेटवर हात ठेवून उभा. "ह्याच गाडयेर शिकयलो म्हाका दादान," म्हणाला. डोळे पुसले. साबण गेला असेल.
तेवढ्यात धप्पकन आवाज झाला. हादऱ्यांनी ड्रायव्हरच्या पायाखालचा सगळा पत्रा सुटून खाली पडला. बाबनी स्टिअरिंग धरून बसलेला आणि त्याचे दोन्ही पाय माझ्या सारवलेल्या जमिनीवर.
मग सगळ्यात आधी शाम हसला, मग पोदेर, मग मी. पोट दुखेपर्यंत.
हसून झाल्यावर शाम म्हणाला, "आतां तरी उडय तिका." आणि मग, "ही बॅटरी कोणाची?"

१६ डिसेंबर
बाबनीची शेवटची परीक्षा. डाव्या बाजूला जॅक लावून गाडी जरा उचलली आणि म्हणाला, दरवाजे लावा. डावीकडचे दोन्ही लागेनात. गाडी मधेच वाकतेय, म्हणून. उजवीकडे जॅक लावला, तिथले लागले. घट्ट, पूर्वीसारखे.
पायरीवर बसून त्याने सगळं सांगितलं. खालचा सगळा भाग कापून काढायचा आणि नवा घडवायचा. कापल्यावरच कळेल कणा किती उरलाय ते. कापताना वरचं अंग पिळवटलं तर संपलं, मग चालणारी नाही आणि मोरजीवाल्याला द्यायलाही काही नाही.
"माका विचारशात तर करू नकात, बाई. आता आसा तशी ती कोण पन घेतलो. कापल्यावर कोण घेवचो नाय."
म्हटलं, आणि मी सांगितलं की कर, तर?
"तर करतलंय. माझा काम ता."

२० डिसेंबर
नितीनला इंजिनाचा आवाज पाठवला होता. आज फोन. म्हणाला, परत लाव. लावला. परत लाव म्हणाला. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर म्हणाला, "शाळेतून येताना उतारावर हा आवाज ऐकू यायचा गं, आई."
आणि लगेच: "तरी नको. गाडीचे कागद पुन्हा होणार नाहीत, पेन्शन घालवशील, तब्येत घालवशील."
पेन्शन माझी, तब्येतही माझी. बाकी पोरगा चांगला आहे.

२ जानेवारी
सगळं क्रमाने लिहिते.
सकाळी नऊला अंगणात सपाट ट्रक. सोबत मोरजीवाला आणि शाम. मला न विचारता. शाम माझ्याकडे न बघता म्हणाला, "वैनी, हें तुज्याच बऱ्याखातीर."
मी मांगरात गेले, गाडीचा दरवाजा उघडला आणि आत बसले. पुढे. डावीकडे. दरवाजा ओढून घेतला.
शाम काचेवर टकटक करत होता. "देंव गो वैनी, लोक पळयतात."
उतरत नाही. बघू देत. एकसष्ट वर्षांची आहे, बघण्यासारखं काही केलं नव्हतं आजपर्यंत.
किती वेळ बसले कोण जाणे. आता हेही लिहायला हवं: पुढच्या सीटची स्प्रिंग तुटलेली आहे, मांडीला टोचते. काच खाली जात नाही. समोर मांगराची भिंत आणि शामची फावडी. एवढ्याचसाठी मी एकतीस वर्षं जीव जाळला! हसू आलं. तरी उठले नाही. सीट मिळाली, आता रस्ता हवा. नुसत्या सीटवर मी गप्प बसायची नाही.
शेवटी मोरजीवालाच शहाणा निघाला. काचेशी वाकून म्हणाला, "सॉरी, बाई. मला सांगितलं होतं तुम्ही तयार आहात म्हणून." बाई म्हणाला. ट्रक परत घेऊन गेला.
उतरले आणि शामला सांगितलं: तुझी जागा तुला शिगम्याआधी मिळेल, माझा शब्द. पण गाडी कुठे जाईल ते मी ठरवणार. दादाच्या गाडीचं बरं-वाईट तू मला शिकवायचं नाही, आणि माझ्या बऱ्याचं तर नाहीच.
बिचारा एवढंसं तोंड करून गेला. दुपारी घावने पाठवले त्याच्याकडे. भांडण भांडणाच्या जागी.
मग बाबनीला फोन. ने तिला.

१२ जानेवारी
दोन दिवस बाबनी मांगरात वेल्डिंग करतोय. दरवाजांच्या जागी आडवे-तिरपे लोखंडी अँगल, पडक्या भिंतीला टेकू देतात तसे, म्हणजे उचलताना मधे मोडायची नाही. दरवाजे काढून भिंतीला टेकवून ठेवलेत.
त्याने आज पुन्हा विचारलं. अजून वेळ आहे म्हणाला. मी विचारलं, तू भितोस का? म्हणाला, "भियतंय. तुमी नाय भियत?"
भिते. फार भिते. मोडली तर मीच दोनदा मोडली असं होईल, एकदा नकळत आणि एकदा जाणूनबुजून. पण तिला मांगरात ठेवून हळूहळू कुजताना बघायचं आणि त्याला जपणूक म्हणायचं, ते एकदा केलं. पुन्हा नाही.

१९ जानेवारी
नेली.
शाम सकाळीच चार माणसं घेऊन आला. मी बोलावलं नव्हतं. चाकांखाली माडाचे ओंडके घालून गाडी अंगणात काढली, तेव्हा सगळ्यात जोरात तोच ओरडत होता, "सवकास! सवकास रे!"
ट्रकची साखळी लावली. पुढची चाकं फळ्यांवर चढली आणि मधे कुठेतरी काड्कन आवाज आला. बाबनीने हात वर केला, सगळे थांबले. तो वाकून बघत राहिला, मग माझ्याकडे बघितलं. शामही बघत होता. मला वाटतं सगळी वाडी बघत होती.
ओढ, म्हटलं.
चढली. काय मोडलं ते कोणालाच दिसलं नाही.
मांगरात आता गाडीच्या आकाराची काळपट जमीन उरलीय. शाम टेपने माप घेत होता, मला बघून टेप खिशात घातली.
निघताना बाबनी केबिनमधून खाली उतरून आला. "आठ दिसांनी कापून बघतंय, बाई. कणो गेलेलो आसात तर तुमका खरा काय ता सांगतलंय."
म्हटलं, सांग. काही लपवू नकोस. ऐकायचं की नाही, ते माझं मी बघीन.